राखाडी चौकोन

१

गॅस बंद केला का, कडी लावली का, असल्या प्रश्नांवर उपाय असतो. उठायचं, बघून यायचं, स्वतःला वेडी म्हणायचं आणि झोपायचं. पण त्या रात्री मला पडलेला प्रश्न घरात फिरून सुटण्यातला नव्हता. चेहरा झाकला होता का मी? उजाडेपर्यंत मी तेवढंच आठवत पडून होते.

माझं काम सांगते, म्हणजे प्रश्न कळेल. शाळांसमोरच्या रस्त्यांवर वेग पकडणारे कॅमेरे असतात, त्यांचे फोटो मी तपासते. लोकांना वाटतं, कॅमेऱ्यानं टिपलं की दंडाची पावती आपोआप घरी येते. मध्ये एक बाई बसलेली असते हे कुणाच्या गावीही नसतं. प्रत्येक गाडीचे दोन फोटो येतात, बरोबर अर्ध्या सेकंदाच्या अंतरानं. रस्त्यावर एकेक मीटरवर पांढऱ्या रेघा आखलेल्या असतात, कॅमेऱ्याच्या खांबाकडून मोजल्या तर एक ते बारा. पहिल्या फोटोत गाडीचं पुढचं चाक कुठल्या रेघेवर, दुसऱ्यात कुठल्या, ते मोजायचं. चार रेघा ओलांडल्या तर ठीक, पाच म्हणजे संशय, सहा म्हणजे पावती. यंत्राचा वेग आणि माझ्या रेघा जुळल्या, नंबरपाटी वाचता आली, की शेवटचं काम उरतं. फोटोत आलेल्या येणाऱ्याजाणाऱ्यांचे चेहरे झाकायचे. शाळेसमोरचा रस्ता, म्हणजे मुलं असणारच, आणि हा फोटो पावतीवर छापून एका परक्या माणसाच्या घरी जाणार. संगणक आपणहून चेहरे शोधतो आणि त्यांच्यावर राखाडी चौकोन टाकतो. एखादा चेहरा सुटला तर त्याच्यावर मी माउसनं चौकोन ओढायचा.

त्या दिवशी, गुरुवारी, शेवटच्या गठ्ठ्यातल्या एका फोटोत माझीच मुलगी होती. फुटपाथच्या कडेला सरळ उभी, कॅमेऱ्याकडे बघणारी. संगणकानं तिच्यावर चौकोन टाकलेला नव्हता. कामाच्या ठिकाणी आपलं पोर अचानक समोर आलं की बाईचं जे होतं तेच माझं झालं. मी शेजारच्या टेबलावरच्या रेघकाकांना म्हटलं, "ही बघा आमची मुंगी." ते पडद्याला पेन्सिल लावून रेघा मोजतात, म्हणून रेघकाका. ते म्हणाले, "छान आहे. तुझ्यावर नाही गेली." मी हसले. हसता हसता 'योग्य' दाबलं आणि घरी आले.

सकाळी चहा घेताना नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "अगं, एका फोटोनं काय होतंय? तिच्या वाढदिवसाचे चाळीस फोटो तूच सगळ्या नातेवाइकांना पाठवलेस."

"नातेवाईक ओळखीचे असतात."

"त्यातले निम्मे मला आजवर ओळखू आलेले नाहीत," तो म्हणाला आणि मुंगीला शाळेत सोडायला निघाला. मुंगी सहा वर्षांची, पहिलीत. फरशीच्या एकाच रांगेवरून चालते म्हणून मुंगी. त्या सकाळीही तशीच दारापर्यंत गेली.

२

कामावर पोचल्या पोचल्या मी ती नोंद उघडली. चेहरा झाकलेला नव्हता. पावती आदल्या संध्याकाळीच छापून पोस्टात गेली होती. परत मागवण्याची सोय आमच्याकडे नाही. कोण माणूस, कुठे राहतो, हेही मला दिसत नाही. ते दुसऱ्या मजल्याचं काम.

डोक्याला हात लावून बसले असताना मला फोटोच्या कोपऱ्यातली वेळ दिसली. दहा वाजून बारा मिनिटं.

मुंगीची शाळा आठला भरते. सव्वाआठला फाटकाला कुलूप लागतं.

घड्याळ चुकलं असेल, हा पहिला विचार. पण कॅमेऱ्याचं घड्याळ रोज सकाळी तंत्रज्ञ तपासतो आणि त्याखाली सही करतो. घड्याळ चुकलं तर त्या दिवसाच्या सगळ्या पावत्या रद्द. सही होती. म्हणजे चुकण्याची मुभा उरली होती फक्त माझ्या मुलीला.

मी शाळेत फोन केला. बाई म्हणाल्या, "काल? वर्गातच होती की. दहा ते अकरा मी फळ्यावर शब्द लिहून देते, सगळी मुलं उतरवून घेतात. ती पण घेत होती. का हो?"

"काही नाही, सहज," मी म्हटलं. सहज शाळेत फोन करणाऱ्या आयांची बाई एक यादी ठेवत असतील तर तिच्यात मी वरच असणार.

रेघकाकांनी फोटो बघितला. "युनिफॉर्ममध्ये सगळी पोरं सारखीच दिसतात. मी एकदा नातवाला आणायला गेलो आणि भलत्याच पोराला घेऊन घरी आलो. आमच्या हिनं त्याला जेवायला पण वाढलं. त्याचं जेवण झाल्यावर आम्हाला कळलं."

मला हसू आलं, बरंही वाटलं. त्या बरं वाटण्यातच मी फोटो मोठा करून बघितला. शाळेचा स्वेटर गडद निळा असतो. मुंगीच्या स्वेटरची डावी बाही कोपरापाशी उसवली होती आणि घरातली निळी लोकर संपली म्हणून मी ती काळ्या लोकरीनं रफू केली होती. माझं रफू फार वाईट असतं. पोळ्या बिघडल्या तर दुसऱ्या करता येतात, रफू जगाला दिसत राहतं.

फोटोतल्या मुलीच्या डाव्या कोपरावर काळ्या लोकरीचं वाईट रफू होतं.

संध्याकाळी मी मुंगीला विचारलं, "काल दहा वाजता तू रस्त्यावर आली होतीस?"

"फाटक बंद असतं ना, आई," ती म्हणाली. मला समजायला जरा वेळ लागतो हे तिनं मोठ्या मनानं स्वीकारलेलं आहे.

३

त्याच दिवशी, शुक्रवारी, रफू दिसल्यावर लगेच मी त्याच कॅमेऱ्याचे फोटो माझ्याकडे मागून घेतले. कारण विचारलं नाही कुणी. तो कॅमेरा कुणालाच नको असतो. झाडाची सावली पडते आणि रेघा नीट दिसत नाहीत.

आता या कामातली एक गंमत सांगायला हवी, गंमत म्हणावी का ते कळत नाही. कॅमेरा सारखा फोटो काढत नाही. कुणी वेगात गेलं तरच काढतो. म्हणजे ती मुलगी मला दिसायची असेल तर त्यासाठी कुणीतरी शाळेसमोरून भरधाव जायला हवं. नऊपासून मी पडद्याकडे बघत कुणा बेफिकीर माणसाची वाट पाहत बसायचे. पगार मला नेमका उलट कामाचा मिळतो.

शुक्रवारी दहाच्या सुमारास एक पांढरी गाडी सहा रेघा ओलांडून गेली. ती होती. दोन्ही फोटोंत. पाय जुळवून, हात खाली सोडून.

अर्धा सेकंद फार नसतो, पण त्यात सगळं थोडं थोडं हलतं. पहिल्या फोटोत उचललेला पाय दुसऱ्यात टेकतो. पानाची सावली सरकते. म्हातारी माणसंसुद्धा हातभर पुढे जातात. त्या मुलीचं काहीच हलत नव्हतं, केसही नाही. आणि संगणकानं मागच्या सायकलवाल्याचा पाठमोरा अर्धा कान हुडकून त्यावर चौकोन टाकला होता, पण समोर बघणारा हा चेहरा त्याला चेहरा वाटत नव्हता.

मी हातानं चौकोन ओढला. कोपरा धरला, कपाळापासून हनुवटीपर्यंत आणला, सोडला. गुरुवारची चूक मी पुन्हा करणार नव्हते. स्वतःच्या मुलीच्या तोंडात बोळा कोंबल्यासारखं वाटलं, पण निदान हा फोटो तरी कुणाच्या घरी उघडा जाणार नव्हता.

एक गोष्ट मोजायची सवय होती म्हणून मोजली. गुरुवारी ती नवव्या रेघेसमोर होती. शुक्रवारी आठव्या. सोमवारी पुन्हा दहाच्या सुमारास कुणीतरी जोरात गेलं, तेव्हा ती सातव्या रेघेसमोर होती. रोज एक मीटर, खांबाच्या दिशेनं. मी रोज झाकत होते.

रेघकाका म्हणाले, "आपण गाड्या मोजतो. पोरं मोजायला लागलीस तर वेडी होशील. झाक आणि पुढे जा."

सोमवारी घरी आल्यावर मी लोकरीच्या पिशवीतून लाल लोकर काढली. मुंगीच्या स्वेटरचं काळं रफू उसवलं आणि तिथे लाल रफू केलं. दुसरीच कुणाची मुलगी असेल तर तिची बाही काळीच राहणार. इतका सरळ हिशेब. नवरा म्हणाला, "लाल कशाला? शाळेतून चिठ्ठी येईल." मी म्हटलं, "येऊ दे."

मंगळवारी ती सहाव्या रेघेसमोर होती. डाव्या कोपरावर लाल रफू.

४

बुधवारी मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि तिथे जाऊन उभी राहिले.

खरं तर तिथे काहीच नव्हतं. रुंद रस्ता, शाळेची लांब भिंत, भिंतीपलीकडून येणारा मुलांचा एकत्र आवाज, आणि राखाडी खांबावर कॅमेरा. मी फोटोंत तो रस्ता इतका बघितला होता की खऱ्या रस्त्याला वास आहे याचंच नवल वाटलं. ओल्या डांबराचा आणि कुठल्यातरी रंगाचा. रेघा मोजून मी पाचव्या रेघेसमोर फुटपाथवर उभी राहिले. आज तिची जागा तीच असती. एका गाडीवाल्यानं माझ्याकडे बघून वेग कमी केला, आणि मी मनातल्या मनात त्याला शिवी घातली.

मग दहा वाजून काही मिनिटांनी एक निळी गाडी सणकत गेली. कॅमेऱ्यात बारीक टिक झाली. दोनदा. फोटोत कधी आवाज येत नाही, त्यामुळे मला तो आवाज माहीत नव्हता. माझ्या आसपास कुणी नव्हतं.

जेवणाच्या सुट्टीनंतर मी कामावर गेले आणि ती जोडी उघडली. मी होते. एकटी. संगणकानं माझ्या तोंडावर चौकोन अगदी नेटका बसवला होता. मुलगी नव्हती. झाकण्यासारखं काहीच नव्हतं म्हणून मी काही झाकलं नाही. पाच दिवसांत पहिल्यांदा मला भूक लागल्यासारखं वाटलं.

फक्त एक. पहिल्या फोटोत मी रस्त्याकडे बघतेय. दुसऱ्यात, अर्ध्या सेकंदानं, माझी मान खाली वळलेली आहे, डावीकडे, कमरेच्या उंचीवर. एखादं मूल बोट ओढतं तेव्हा आपण बघतो तशी.

मला खाली बघितल्याचं आठवत नाही. पण मला चेहरा झाकल्याचंही आठवत नव्हतं, तेव्हा माझ्या आठवणीवर किती विसंबायचं.

५

गुरुवारी मी चौथ्या रेघेच्या तयारीत बसले होते. साडेदहाला एक जोडी आली.

पहिला फोटो: दहावी रेघ, लाल गाडी, रिकामा फुटपाथ. वेळ दहा बारा.

दुसरा फोटो नव्हता. म्हणजे होता, पण सगळा राखाडी होता. वरपासून खालपर्यंत, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत. आधी मला वाटलं कॅमेरा बिघडला. मग कडेनं चौकोनाची बारीक पांढरी किनार दिसली आणि खाली संगणकाची ओळ: आढळलेले चेहरे, एक.

संगणकाला ती अखेर सापडली होती.

चौकोन काढायला एक बटण असतं. दाबलं की कारण लिहावं लागतं. मी 'खात्रीसाठी' असं लिहिलं. खोलीत पंख्याचा आवाज होता, रेघकाकांची पेन्सिल पडद्यावर टकटक करत होती, कुणीतरी पाण्याची बाटली भरत होतं. मी बटण दाबलं.

इतक्या जवळून फोटो धड येत नाही. कातडीचा एक मोठा धूसर पट्टा, गाल असावा. खालच्या कोपऱ्यात लाल लोकरीचा एक धागा. आणि मधोमध एक डोळा, तो मात्र स्वच्छ. डोळा मुंगीचाच होता. बाहुलीशेजारचा तपकिरी ठिपका जन्मापासूनचा आहे, तो मी तिला दूध पाजताना तासन्‌तास बघितला आहे.

बाहुलीत काहीतरी चमकत होतं. खांबावरच्या कॅमेऱ्याकडे बघणाऱ्या डोळ्यात काय दिसणार? आकाश, खांब, काच. मी माउसचं चाक फिरवलं. डोळा मोठा झाला, मग बाहुली. तिच्यात एक पांढरी पट्टी होती, ट्यूबलाइटसारखी. तिच्याखाली टेबल. टेबलामागे पुढे वाकलेली एक बाई, चष्मा डोक्यावर ढकललेला.

मी डोक्याला हात लावला. चष्मा तिथेच होता.

मी चौकोन परत टाकला. दोनदा चुकला, तिसऱ्यांदा बसला. मग 'रद्द' दाबलं.

"का गं?" रेघकाकांनी विचारलं.

"नंबरपाटी दिसत नाहीये," मी म्हटलं. हे खोटं नव्हतं. पर्स उचलली आणि निघाले.

६

शाळा सुटायला वेळ होता. मी फाटकाबाहेर, कॅमेऱ्याच्या नजरेत येणार नाही अशा बाजूला उभी राहिले. सुटल्यावर बाई मुंगीचा हात धरून बाहेर आल्या.

"बरं झालं तुम्हीच आलात," त्या म्हणाल्या. "हिचे डोळे एकदा तपासून घ्या." त्यांनी वही उघडून दाखवली. शुक्रवार, सोमवार, मंगळवार. प्रत्येक पान अर्ध्यापर्यंत नीट, गोल अक्षरांत भरलेलं आणि मग कोरं. "साडेदहाच्या सुमारास लिहायची थांबते. डोळे चोळत बसते. थोड्या वेळानं परत ठीक. आज पण तसंच. फक्त बुधवारचं पान तेवढं पूर्ण आहे."

बुधवारी मी काही झाकलं नव्हतं.

"नंबर लागला असेल," मी म्हटलं. "आमच्या घरात सगळ्यांनाच आहे."

"हो, तसंच असेल," बाई म्हणाल्या.

आम्ही मागच्या गल्लीनं निघालो. मुंगी फरशीच्या एका रांगेवरून चालत होती. तिचा हात मी इतका घट्ट धरला होता की तिनं एकदा तो सोडवून, झटकून, परत माझ्या हातात दिला. हात गरम होता, जरा चिकट. माझ्या मुलीचा हात. याबद्दल मला शंका नव्हती, हे मी स्वतःला दोन वेळा सांगितलं.

"फळा दिसत नाही का गं तुला?" मी विचारलं. शक्य तेवढ्या साध्या आवाजात.

"दिसतो."

"मग लिहीत का नाहीस?"

"तू झाकतेस तेव्हा कसं लिहू?" ती म्हणाली. तक्रार नव्हती. शेजारचा मुलगा रबर परत देत नाही हे सांगतानाही तिचा आवाज याहून चढतो. "सगळं राखाडी होतं. आज तर दोनदा झालं. मध्ये तू दिसलीस. चष्मा डोक्यावर होता."

मी चष्मा नेहमीच डोक्यावर ढकलते. घरीही. सहा वर्षांच्या मुलीला ते माहीत असणार, त्यात काय. हे सगळं मी तीन पावलांत स्वतःला समजावलं, आणि चौथ्या पावलाला थांबले. एका परक्याच्या हातात तिचा चेहरा जाऊ नये म्हणून मी आठवडाभर जे केलं होतं, ते मी कुणाला केलं होतं?

मी तिच्यासमोर खाली बसले. "आता नाही झाकणार," मी म्हटलं. "कधीच नाही. आई शप्पथ."

तिनं जोरात मान हलवली. "नको. झाक."

"का गं?"

"पहिल्यांदा नाही झाकलंस ना, त्या गाडीवाल्या काकांकडे मी अजून तशीच आहे. डोळे मिटले की त्यांचं स्वयंपाकघर दिसतं. मला त्यांनी फ्रिजवर लावलंय."

गल्लीत कुणी नव्हतं. मी तिच्या बाहीवरचं लाल रफू अंगठ्यानं दाबून धरलं होतं, ते तेव्हा माझ्या लक्षात आलं.

"रोज विचारतात, घर कुठे तुझं," ती म्हणाली.

"आणि तू काय सांगितलंस?"

मुंगीनं जरा विचार केला. खोटं बोलायचं नाही हे आम्हीच तिला शिकवलं आहे.

"अजून काही नाही सांगितलं."